उंदरांतला मलेरिया आणि प्रतिकारशक्तीचे मोजमाप: डोनरपासून एलायझापर्यंत, क्रमाने

एलायझाचे, म्हणजे रंगावरून अँटीबॉडी मोजणाऱ्या चाचणीचे, आकडे वेडेवाकडे आले की पहिला संशय किटवर जातो, दुसरा अँटीबॉडीच्या लॉटवर आणि तिसरा प्लेट धुणाऱ्यावर. दोष बहुधा पंधरा दिवस मागे असतो. डोनर उंदराच्या (ज्याच्या रक्तातून संसर्ग पुढे दिला जातो) लाल पेशी न मोजताच डोस काढलेला असतो, जुलैच्या दमट हवेत स्लाइड ओलसर राहिलेली असते, नाहीतर सकाळी घ्यायचे रक्त दुपारी घेतलेले असते. रक्तातल्या परजीवीविरुद्धचा प्रतिसाद परजीवींच्या संख्येमागोमाग चालतो. ती संख्या चुकली तर त्यावर रचलेले इंटरफेरॉनचे (प्रतिकारपेशींच्या एका संदेशवाहक प्रथिनाचे) आणि अँटीबॉडीचे आकडे कितीही काळजीने मोजले तरी कामाचे नाहीत. म्हणून या लेखात डोस आणि स्मिअर (स्लाइडवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) यांना सढळ जागा दिली आहे. फ्लो सायटोमेट्रीची (लेसरने एकेक पेशी ओळखून मोजण्याची) घाई असलेल्यांनीही ते टप्पे वगळू नयेत.

उदाहरण म्हणून प्लाझ्मोडियम चाबाउडी या उंदरांतल्या मलेरियाच्या परजीवीचा एएस स्ट्रेन आणि सी५७ ब्लॅक-६ जातीच्या माद्या घेतल्या आहेत. प्लाझ्मोडियमच्या योएली किंवा बर्घाई या प्रजाती वापरणाऱ्यांना जिथे फरक करावा लागेल, तिथे तसे सांगितले आहे.

टप्पा १: प्रश्न आधी, परजीवी नंतर

प्रयोगशाळेच्या नायट्रोजन टाकीत जे आहे ते वापरायचे, ही पहिली चूक. परजीवी आणि उंदराची जात यांची प्रत्येक जोडी वेगळे उत्तर देते.

चाबाउडी एएस मुख्यतः प्रौढ लाल पेशींत वाढतो आणि त्याचे चक्र २४ तासांचे, सगळ्या पेशींत जवळपास एकाच वेळी चालणारे असते. ब्लॅक-६ माद्यांत पॅरासायटेमिया (संसर्गित लाल पेशींची टक्केवारी) आठव्या-नवव्या दिवसाच्या आसपास शिखर गाठतो, मग कोसळतो आणि पुढे कमी पातळीवर रेंगाळतो. तीव्र आणि जुनाट, दोन्ही टप्प्यांतला प्रतिसाद पाहायचा असेल तर हा योग्य.

योएली १७एक्स-एनएल रेटिक्युलोसाइट (कोवळ्या लाल पेशी) पसंत करतो, त्याचे शिखर उशिरा येते आणि उंदीर सहसा तीन-चार आठवड्यांत स्वतःच बरा होतो. अँटीबॉडी आणि स्मृतिपेशींच्या कामाला तो सोयीचा. मात्र याच कुळातला १७एक्सएल मारक आहे. नावात एका अक्षराचा फरक आहे, त्यामुळे व्हायलवरचे लेबल दोनदा वाचा.

बर्घाईच्या 'अंका' स्ट्रेनने ब्लॅक-६ उंदरांना साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात मेंदूचा मलेरिया होतो. त्यात सीडी८ टी-पेशींचा (संसर्गित पेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशींचा) मोठा हात असतो. बाल्ब-सी उंदीर त्यातून बहुतेकदा वाचतात आणि पुढे ॲनिमियाने मरतात. "बर्घाई दिला, मेंदूची लक्षणे आलीच नाहीत" अशी तक्रार आली की आधी उंदराची जात विचारावी.

संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी प्रयोगाच्या नेमक्या रचनेला मिळते. समूहात किती उंदीर, रक्त किती वेळा आणि किती काढणार, प्रयोग कधी थांबवणार, हे सगळे फॉर्म-बीमध्ये, म्हणजे मंजुरीच्या अर्जात, हवे. "जास्तीचे दोन उंदीर" नंतर घुसवता येत नाहीत. डोनर उंदीर आणि असंसर्गित रक्त देणारा उंदीर या आकड्यात धरायला बरेच जण विसरतात.

टप्पा २: उंदीर, खाद्य, पाणी, दिवे

माद्या ८ ते १० आठवड्यांच्या, एकाच खेपेतल्या, आल्यानंतर किमान आठवडाभर रुळलेल्या असाव्यात. चाबाउडीत नर जास्त आजारी पडतात, म्हणून नर-मादी एकाच समूहात मिसळू नका. दोन्ही हवे असतील तर स्वतंत्र समूह करा. एक पिंजरा म्हणजे एक समूह अशी मांडणीही टाळा, कारण मग पिंजऱ्याचा परिणाम आणि उपचाराचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत. शेपटीवर किंवा कानावर खूण करून समूह पिंजऱ्यांत विखरून ठेवा.

खाद्याकडे कुणी पाहत नाही आणि तिथेच घोळ होतो. परजीवीला वाढीसाठी पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल लागते. ते नसलेल्या आहारावर, उदाहरणार्थ निव्वळ दुधावर, उंदरांतला मलेरिया नीट वाढत नाही. प्रयोगाच्या मधोमध खाद्याचा पुरवठादार बदलला तर आलेख बदलू शकतो, तेव्हा सगळ्या समूहांना पुरेल इतके खाद्य एकाच लॉटचे घेऊन ठेवा.

सावधान: ॲनिमल हाउसमध्ये दुसऱ्या कारणासाठी पाण्यात टेट्रासायक्लिन किंवा सल्फा औषध घातले जात असेल, तर ते तुमच्या परजीवीलाही दाबते. केअरटेकर काकांना आणि पशुवैद्यांना आधी विचारा. पिंजऱ्यावर "पाण्यात औषध घालू नये" असे मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहा.

दिव्यांचे चक्र १२ तास उजेड, १२ तास अंधार असे हवे. चाबाउडीच्या पेशी मध्यरात्रीच्या सुमारास फुटतात आणि ही वेळ उंदराच्या दिनक्रमाला बांधलेली असते. वीज जाऊन आली की काही जुने टायमर तितकेच मागे पडतात, आणि उंदराची मध्यरात्र भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत नाही. रोज सकाळी टायमरवर नजर टाकायला पाच सेकंद लागतात.

मुंबईपुरती एक गोष्ट. उंदरांतल्या मलेरियाच्या परजीवींना प्रयोगशाळेत ज्या डासातून वाढवतात, तो ॲनोफिलिस स्टीफेन्सी इथे गच्चीवरच्या टाक्यांत आपोआप वाढतो. हे परजीवी माणसाला लागत नाहीत, पण संसर्गित उंदरांच्या खोलीला डास चालतील असे नाही. खिडकीची जाळी, एसीच्या पाइपाभोवतीची फट आणि ट्रे-कूलरमध्ये साचलेले पाणी आधी पाहून घ्या.

टप्पा ३: गोठवलेल्या व्हायलपासून डोनरपर्यंत

व्हायल वितळवून थेट प्रयोगाच्या उंदरांना टोचू नये. वितळल्यावर किती परजीवी जिवंत राहिले हे कळत नाही, त्यामुळे डोस म्हणून लिहिलेला आकडा कागदावरच राहतो. क्रम असा:

१. व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात हलवत, शेवटचा बर्फाचा तुकडा वितळेपर्यंत धरा. वितळल्यावर लगेच एका डोनर उंदराच्या पोटात द्या.
२. तिसऱ्या दिवसापासून रोज स्मिअर घ्या.
३. पॅरासायटेमिया ५ ते १५ टक्क्यांत आणि चढता असताना सकाळी रक्त घ्या. उतरत्या टप्प्यातले रक्त नको, त्यात मरणारे परजीवी, सायटोकाइन (प्रतिकारपेशींची संदेशवाहक प्रथिने) आणि अँटीबॉडी सगळेच असते.
४. रक्त गोठू नये म्हणून त्याला हेपरिन लावा. त्याच रक्तावर पुढे पीसीआर करायचा असेल तर वेगळा भाग ईडीटीए या गोठण रोखणाऱ्या दुसऱ्या द्रव्यात घ्या, कारण हेपरिन पीसीआर अडवते.

एकाच डोनरकडून पुढच्या डोनरला, त्याच्याकडून आणखी पुढे, अशी साखळी महिनोन्‌महिने चालू ठेवू नका. रक्तातून रक्तात फिरवत राहिल्याने परजीवीची उग्रता बदलते आणि डासात जाणारे गॅमेटोसाइट कमी होत जातात. चांगल्या पॅसेजचे (उंदरातून उंदरात नेण्याच्या एका फेरीचे) रक्त सम प्रमाणात ३० टक्के ग्लिसरॉलच्या द्रावणात मिसळून, म्हणजे शेवटी १५ टक्के ग्लिसरॉल राहील अशा बेताने, भरपूर व्हायल एकदम गोठवा. प्रत्येक प्रयोगाला नवी व्हायल काढा.

तपासणी: साठा जुना किंवा दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेला असेल तर त्यात रक्तातले मायकोप्लाझ्मा आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेज वाढवणारा विषाणू यांची चाचणी करून घ्या. हे दोघे जुन्या साठ्यांत मुकाट्याने पॅसेज होत राहतात. विषाणू सुरुवातीच्या इंटरफेरॉनचे आकडे फुगवतो आणि श्रेय मलेरियाला जाते.

टप्पा ४: डोस

डोनरच्या पॅरासायटेमियाची टक्केवारी घ्यायची आणि "उंदराच्या मिलिलिटर रक्तात ९०० कोटी लाल पेशी" हे पाठ केलेले वाक्य तिला गुणायचे, अशी सवय सगळीकडे दिसते. निरोगी उंदराला ती चालून जाते. संसर्गाने ॲनिमिया झालेल्या डोनरमध्ये संख्या ५०० कोटींवर आलेली असेल, तर डोस निम्म्याजवळ पडतो. पेशी मोजाच.

मोजणी: रक्त सलाइनमध्ये १:१००० पातळ करून हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या आखलेल्या काचेच्या) मधल्या मोठ्या चौकोनातल्या २५ पैकी ५ छोटे चौकोन मोजा. आलेली संख्या × ५ × १०,००० × १००० म्हणजे मिलिलिटरमधल्या पेशी. पाच चौकोनांत १८० आल्या तर उत्तर ९०० कोटी.

समजा लाल पेशी ९०० कोटी, पॅरासायटेमिया १० टक्के. म्हणजे संसर्गित पेशी मिलिलिटरला ९० कोटी. प्रत्येक उंदराला २०० मायक्रोलिटरमध्ये १ लाख संसर्गित पेशी द्यायच्या, म्हणजे द्रावणात मिलिलिटरला ५ लाख हव्यात. एकूण १८०० पट पातळ करायचे. हे एका दमात करू नका:

१. १० मायक्रोलिटर रक्त अधिक ९९० मायक्रोलिटर बफर. आता मिलिलिटरला ९० लाख.
२. त्यातले ०.२५ मिलिलिटर अधिक ४.२५ मिलिलिटर बफर. आता मिलिलिटरला ५ लाख, आणि एकूण ४.५ मिलिलिटर, म्हणजे २० उंदरांना पुरून थोडे उरेल इतके.

बफरमध्ये ग्लुकोज हवे. साध्या सलाइनमध्ये ठेवलेले परजीवी लवकर मरगळतात. ट्यूब बर्फावर ठेवा आणि रक्त काढल्यापासून तासाभरात सगळे टोचून व्हा. प्रयोगशाळा एका इमारतीत, ॲनिमल हाउस दुसऱ्या इमारतीत आणि लिफ्ट बंद, अशी स्थिती असेल तर दुसरा टप्पा ॲनिमल हाउसमध्येच करा.

लाल पेशी तळाशी बसतात. प्रत्येक सिरिंज भरण्याआधी ट्यूब उलटीसुलटी करून ढवळा. हे केले नाही तर पहिल्या आणि शेवटच्या उंदराच्या डोसात काही पट फरक पडतो आणि एकाच समूहात दोन वेगळी शिखरे दिसतात. दहापट चूक झाली तर शिखर साधारण दिवसभराने सरकते. "सातव्या दिवसाचा" सगळा डेटा मग दुसऱ्याच दिवसाचा ठरतो.

टोचताना उंदराचे डोके किंचित खाली झुकवा आणि पोटाच्या उजव्या खालच्या भागात सुई घाला. किंचित मागे ओढून पाहा. हिरवट-पिवळा द्रव आला तर सुई आतड्यात किंवा मूत्राशयात आहे. तो उंदीर प्रयोगातून वगळा. सुईवर टोपण परत लावू नका.

कंट्रोल समूहाला नुसते बफर देऊन भागत नाही. त्याच जातीच्या निरोगी उंदराच्या तितक्याच लाल पेशी तितक्याच बफरमध्ये द्या. परके रक्त टोचल्याचा परिणाम आणि परजीवीचा परिणाम त्याशिवाय वेगळा होत नाही.

तपासणी: टोचण्याचा दिवस शून्य धरा, एक नव्हे. वहीत आणि पिंजऱ्याच्या कार्डावर तारीख आणि दिवस दोन्ही लिहा. शिखराचा दिवस रविवारी येत असेल आणि त्या रविवारी मेगाब्लॉक असेल, तर संसर्गाची तारीखच हलवा. चढत्या टप्प्यातला एक स्मिअर हुकला की तो पुन्हा मिळत नाही.

टप्पा ५: रोजचा स्मिअर

वेळ सकाळी ८ ते १०, रोज तीच. त्या वेळी चाबाउडीच्या तरुण अवस्था रक्तात फिरत असतात. दिवस चढतो तशा त्या प्रौढ होत जातात, आणि पुढच्या अवस्था यकृत-फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. त्यामुळे एका दिवशी सकाळी आणि दुसऱ्या दिवशी रात्री घेतलेले स्मिअर एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

१. शेपटीच्या टोकाला बारीक टोचा. पहिला थेंब पुसून टाका. दुसरा २-३ मायक्रोलिटरचा थेंब स्वच्छ स्लाइडच्या टोकाजवळ घ्या.
२. दुसरी स्लाइड ३० ते ४५ अंशांत टेकवून थेंब कडेभर पसरू द्या आणि एका ओढीत पुढे न्या. टोक जिभेसारखे पातळ व्हायला हवे. शिखराच्या दिवसांत उंदराचे रक्त पाण्यासारखे पातळ असते, तेव्हा कोन वाढवा. नाहीतर सगळे रक्त स्लाइडभर पळते आणि पातळ टोक मिळतच नाही.
३. पूर्ण वाळू द्या. मे महिन्यात मिनिटभर पुरतो, जुलैत अजिबात पुरत नाही. टेबल फॅनची थंड हवा किंवा सिलिका जेलचा डबा वापरा. फुंकर मारू नका.
४. मिथेनॉलमध्ये ३० सेकंद ते १ मिनिट बुडवा. मिथेनॉल कोरडे हवे.
५. गिम्सा रंग १ भाग, ७.२ पीएचचा फॉस्फेट बफर ९ भाग. २० मिनिटे.
६. स्लाइड तिरकी करून रंग ओतून टाकू नका, वर तरंगणारी तेलकट साय पेशींवर बसते. बफर हळूच सोडून ती साय आधी वाहून जाऊ द्या, मग धुवा. उभी करून वाळवा.

मुंबईतल्या स्लाइडचे दोन ठरलेले आजार आहेत. पहिला म्हणजे लाल पेशींच्या मधोमध चमकणारे, कडा असलेले खड्डे, जे फोकस हलवला की उजळतात. हा मिथेनॉलमध्ये शिरलेल्या पाण्याचा परिणाम. उघडी कोपलिन जार (स्लाइड बुडवायची बरणी) पावसाळ्यात दिवसभरात पाणी ओढते. मोठ्या बाटलीतून रोज थोडे ताजे मिथेनॉल छोट्या घट्ट बाटलीत घ्या आणि संध्याकाळी टाकून द्या. नवखा विद्यार्थी या खड्ड्यांनाच रिंग (परजीवीची कोवळी अवस्था) समजून मोजतो आणि संसर्गाच्या दुसऱ्याच दिवशी ८ टक्के पॅरासायटेमिया नोंदवतो.

दुसरा आजार रंगाचा. आरओचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून आम्लधर्मी होते. त्यात पातळ केलेला गिम्सा सगळे गुलाबी करतो आणि परजीवीचे केंद्रक नीट उठून दिसत नाही. उलट पीएच जास्त झाला तर सगळे निळे. बफर पावडरची पुडी स्वस्त आहे, आणि पीएच मीटर कॅलिब्रेट करायला दहा मिनिटे लागतात. पातळ केलेला रंग तासाभराने गाळ धरतो, तो दुपारच्या स्लाइडना वापरू नका.

तपासणी: रोज एक स्लाइड निरोगी उंदराची आणि एक आधीच्या, खात्रीच्या संसर्गित रक्ताची सोबत रंगवा. निरोगी स्लाइडवर "परजीवी" दिसले तर त्या दिवशीची सगळी खेप पुन्हा करा.

टप्पा ६: मोजणी

परजीवी म्हणजे निळा पेशीद्रव आणि लाल-जांभळे केंद्रक, दोन्ही हवेत. मोठ्या अवस्थांत तपकिरी रंगद्रव्यही दिसते. पुढचे तिघे फसवतात: लाल पेशीवर बसलेली प्लेटलेट (तिच्याभोवती फिकट कडा असते), हॉवेल-जॉली कण (लाल पेशीत उरलेला केंद्रकाचा तुकडा; गोल, गडद, निळा पेशीद्रव नाही) आणि रंगाचा गाळ (पेशीच्या प्रतलात नाही, फोकस वर नेला की स्पष्ट होतो). बरे होण्याच्या टप्प्यात मोठ्या निळसर रेटिक्युलोसाइटची गर्दी होते. त्यांना संसर्गित धरू नका, पण एकूण लाल पेशींत मोजा.

एका पेशीत तीन परजीवी असले तरी ती एकच संसर्गित पेशी.

किती पेशी मोजायच्या, याचे उत्तर किती संसर्गित पेशी सापडल्या त्यावर अवलंबून असते. ५०० पेशींत ५ सापडल्या तर उत्तर १ टक्का, पण त्यातली अनिश्चितता ४५ टक्क्यांच्या घरात आहे. १०० संसर्गित पेशी मोजल्या तर ती १० टक्क्यांवर येते. म्हणून १० टक्क्यांवर १००० पेशी पुरतात, १ टक्क्याला १०,००० हव्यात. सुरुवातीचे आणि शेवटचे दिवस, म्हणजे नेमके जिथे समूहांतला फरक ठरतो तिथेच, विद्यार्थी दमून ५०० वर थांबतात.

मोजणाऱ्याला समूह माहीत नसावा. स्लाइडवर फक्त क्रमांक, यादी दुसऱ्याकडे.

टक्केवारीसोबत लाल पेशींची एकूण संख्याही आलेखावर घ्या. शिखरानंतर लाल पेशीच कमी झाल्या की टक्केवारी चढलेली दिसते, पण मिलिलिटरमधले परजीवी प्रत्यक्षात उतरणीला लागलेले असतात.

टप्पा ७: नमुना कधी, किती

२० ग्रॅमच्या उंदरात साधारण १.५ मिलिलिटर रक्त असते. दोन आठवड्यांत त्याच्या १० टक्क्यांपेक्षा, म्हणजे १५० मायक्रोलिटरपेक्षा जास्त काढू नये, आणि ही मर्यादा निरोगी उंदराची आहे. शिखरावर रक्त विरलेले असते, तेव्हा वारंवार रक्त काढले तर ॲनिमिया तुमच्या हातून होतो आणि दोष परजीवीवर जातो. जास्त प्लाझ्मा हवा असेल तर प्रत्येक वेळेसाठी वेगळा समूह ठेवून शेवटी, खोल भूल देऊन हृदयातून रक्त घ्या.

दिवस ठरवताना प्रतिसादाचा क्रम ध्यानात घ्या. इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ ही दाह वाढवणारी सायटोकाइन शिखराच्या आधी चढतात आणि शिखर ओसरता ओसरता उतरतात. दिवस ४, ६, ८ आणि १० घेतले तर चढ आणि उतार दोन्ही सापडतात. फक्त दहावा दिवस घेणारे "इंटरफेरॉन वाढतच नाही" असा निष्कर्ष काढतात. दाह आवरणारे आयएल-१० याच काळात पाहा. ते नसलेले उंदीर चाबाउडीत जास्त संख्येने मरतात, कारण दाह आवरत नाही. एकटा इंटरफेरॉन मोजला तर अर्धेच चित्र मिळते. परजीवीविशिष्ट आयजीएम (आधी येणारी अँटीबॉडी) पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिसू लागते, आयजीजीसाठी (नंतर येणाऱ्या अँटीबॉडीसाठी) दिवस १४, २१ आणि २८ घ्या. संसर्गाच्या आधीचा नमुना प्रत्येक उंदराचा हवा.

सावधान: मंजूर झालेले थांबण्याचे निकष भिंतीवर लावा. वजन २० टक्क्यांनी घटणे, अंग थंड पडणे, पाठ वाकवून कोपऱ्यात बसणे, बोट लावले तरी न हलणे. शिखराच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाहा, आणि ओलावलेले खाद्य पिंजऱ्याच्या तळाशीच ठेवा. अशक्त उंदराला जाळीवरचे खाद्य गाठता येत नाही, तो उपाशी राहतो आणि वजन त्यामुळेही घटते.

प्लाझ्मा ५०-५० मायक्रोलिटरच्या भागांत उणे ८० अंशांवर ठेवा. एकच ट्यूब पुन्हापुन्हा वितळवू नका. लालसर झालेला नमुना वेगळा नोंदवा. प्राण्यांचे अवयव आणि शव पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, दूषित प्लास्टिक लाल पिशवीत.

टप्पा ८: प्लीहा

निरोगी उंदराची प्लीहा १०० मिलिग्रॅमच्या आत-बाहेर असते, शिखरानंतर ती कितीतरी पटींनी मोठी आणि रंगद्रव्यामुळे काळपट दिसते. काढल्याबरोबर वजन करा.

१. थंड आरपीएमआय माध्यमात (पेशी जगवणाऱ्या द्रावणात) ७० मायक्रॉनच्या जाळीतून सिरिंजच्या दट्ट्याने हलके चोळा.
२. ३०० जी वर ५ ते १० मिनिटे फिरवा.
३. पेलेट (तळाशी बसलेल्या पेशी) लाल पेशी फोडणाऱ्या एसीके बफरमध्ये २ ते ३ मिनिटे ठेवा, मग भरपूर माध्यम घालून थांबवा. संसर्गित प्लीहेत लाल पेशी खूप असतात. एकदाच दहा मिनिटे ठेवण्यापेक्षा दोनदा थोडा थोडा वेळ ठेवा, नाहीतर लिम्फोसाइटही मरतात.
४. पुन्हा गाळा, ट्रायपॅन ब्लू या मृत पेशी रंगवणाऱ्या द्रव्याने मोजा.

इथे सगळ्यात महागडी चूक होते. ॲनिमियामुळे उंदराची प्लीहा स्वतःच रक्त बनवू लागते. त्यातल्या केंद्रक असलेल्या कोवळ्या लाल पेशी एसीकेने फुटत नाहीत, आणि मोजताना व फ्लोमध्ये त्या लिम्फोसाइटच्या जागी येऊन बसतात. टर-११९ची (लाल पेशींच्या कुळाच्या खुणेची) अँटीबॉडी पॅनलमध्ये घेऊन त्या बाहेर काढल्याशिवाय एकही टक्केवारी लिहू नका.

दुसरे, टक्केवारीवर थांबू नका. हिशेबापुरते समजा: निरोगी प्लीहेत १० कोटी पेशी, सीडी४ (मदतनीस टी-पेशी) २० टक्के, म्हणजे २ कोटी. संसर्गित प्लीहेत ४० कोटी पेशी, सीडी४ १० टक्के, म्हणजे ४ कोटी. टक्केवारी निम्मी झाली, पेशी दुप्पट झाल्या. "मलेरियात सीडी४ घटतात" हा निष्कर्ष अशा आकड्यांतून अनेक सेमिनारांत मांडला जातो.

टप्पा ९: फ्लो सायटोमेट्री

क्रम बदलू नका: मृत पेशींचा रंग, मग एफसी ब्लॉक (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नयेत म्हणून, ४ अंशांवर १० मिनिटे), मग पृष्ठभागाच्या अँटीबॉडी, मग फिक्सिंग, मग पेशींच्या आतल्या. मृत पेशींचा रंग प्रथिनाला चिकटतो, म्हणून सीरम नसलेल्या बफरमध्ये द्या.

परजीवीचे रंगद्रव्य गिळलेल्या मॅक्रोफेज आणि मोनोसाइट स्वतःहून चमकतात आणि बाजूचे स्कॅटर (बाजूला विखुरणारा प्रकाश) वाढवतात. म्हणून गेट (पेशींचे गट वेगळे करणाऱ्या सीमा) बसवताना निरोगी उंदराच्या रंगहीन पेशी पुरत नाहीत. त्याच दिवसाच्या संसर्गित उंदराच्या रंगहीन पेशी आणि प्रत्येक महत्त्वाच्या रंगासाठी एक-रंग-वगळून कंट्रोल ठेवा.

सायटोकाइन पाहण्यासाठी पीएमए आणि आयोनोमायसिन या सरसकट चेतवणाऱ्या रसायनांनी चेतवले तर पेशी काय बनवू शकतात ते कळते. त्या मलेरियाला ओळखतात की नाही, हे त्यातून कळत नाही. शिवाय पीएमएने सीडी४ पृष्ठभागावरून आत ओढला जातो आणि गट धूसर होतो. परजीवीविशिष्ट प्रतिसादासाठी प्रौढ अवस्थेतल्या संसर्गित पेशींनी चेतवा आणि सोबत तितक्याच निरोगी लाल पेशींचा कंट्रोल ठेवा. अनुभवी सीडी४ पेशी ओळखायला सीडी११ए आणि सीडी४९डी दोन्ही जास्त असलेला गट उपयोगी पडतो. मदतनीस फॉलिक्युलर पेशींना सीएक्ससीआर५ आणि पीडी-१, जर्मिनल सेंटरच्या बी-पेशींना जीएल७ आणि सीडी९५.

टप्पा १०: एलायझा

प्लेटला परजीवीचा अर्क लावायचा आणि अँटी-माउस आयजीजीने शोधायचे, हा सोपा वाटणारा मार्ग फसतो. अर्क उंदराच्याच रक्तातून काढलेला असतो, त्यात उंदराचे स्वतःचे आयजीजी असते आणि दुसरी अँटीबॉडी थेट त्याला चिकटते. सीरम न घातलेल्या विहिरीही पिवळ्या होतात. शक्य असेल तर एमएसपी-१-१९ या परजीवीच्या प्रथिनासारखे रिकॉम्बिनंट (उंदराच्या रक्ताशिवाय कृत्रिमरीत्या बनवलेले) अँटीजन वापरा. अर्कच वापरायचा असेल तर सॅपोनिनने लाल पेशी फोडून परजीवी निदान तीनदा धुवा, आणि निरोगी लाल पेशींच्या तशाच अर्काच्या विहिरी शेजारी ठेवून त्यांचे आकडे वजा करा.

कोटिंग ९.६ पीएचच्या कार्बोनेट बफरमध्ये मिलिलिटरला १ ते ५ मायक्रोग्रॅम, ४ अंशांवर रात्रभर. सीरम १:१०० पासून पुढे पातळ करत जा. एकाच पातळीवर ओडी (रंगाची तीव्रता) मोजून समूहांची तुलना करू नका, टायटर (किती पातळ करेपर्यंत सीरम प्रतिसाद देते तो आकडा) काढा. लालसर सीरम असलेल्या विहिरी जास्त वेळा धुवा, हिमोग्लोबिनही थोडेफार पेरॉक्सिडेजसारखे वागते आणि रंग वाढवते.

उपप्रकार मोजताना ब्लॅक-६ उंदरांत आयजीजी-२ए शोधू नका. त्यांच्यात ते जनुकच नाही, त्याजागी आयजीजी-२सी आहे. आयजीजी-२ए चे अभिकर्मक वापरून "टीएच-१ (इंटरफेरॉन गॅमा बनवणाऱ्या सीडी४ पेशींचा) प्रतिसाद क्षीण" असे लिहिलेले प्रबंध आजही सापडतात. बाल्ब-सीमध्ये आयजीजी-२ए बरोबर.

मलेरियात बी-पेशी सरसकट चेतवल्या जातात आणि एकूण आयजीजी वाढते. म्हणून त्याच नमुन्यात एकूण आयजीजीही मोजा.

टप्पा ११: पुन्हा संसर्ग द्यायचा असेल तर

स्मृतीचा प्रयोग करताना स्लाइड निगेटिव्ह आली की उंदीर मोकळा झाला असे धरतात. चाबाउडी स्लाइडवर दिसेनासा झाल्यावरही आठवडेच्या आठवडे रक्तात टिकतो. अशा उंदराला दुसरा डोस दिला तर दिसणारे संरक्षण स्मृतिपेशींचे आहे की चालू असलेल्या संसर्गाचे, हे सांगता येत नाही. मंजूर पद्धतीने क्लोरोक्विनचा पूर्ण कोर्स द्या, औषध शरीरातून निघून जायला काही आठवडे थांबा, आणि मग प्रत्येक समूहातल्या काही उंदरांचे १०० मायक्रोलिटर रक्त नव्या निरोगी उंदरांना टोचून दोन आठवडे त्यांचे स्मिअर पाहा. नव्या उंदरात परजीवी उगवले तर दुसरा डोस पुढे ढकला. कंट्रोल समूहालाही तेच क्लोरोक्विन, त्याच दिवशी द्यायचे. हे नवे उंदीरही फॉर्म-बीमध्ये लागतात, तेव्हा त्यांचा आकडा पहिल्याच अर्जात टाका.